काहीच करायचं नाही, मामा

आजारी माणसाला भेटायला जाताना बिलोलीत आधी फोन करायची पद्धत नाही. चपला पायात सरकवायच्या, वाटेत बिस्किटाचा पुडा घ्यायचा आणि निघायचं. आजार कोणता हे तिथं गेल्यावर कळतं. उपाय मात्र घरूनच ठरवून नेलेला असतो. मीही आयुष्यभर असाच लोकांच्या खाटेशी जाऊन बसलो, कुणाला ओवा सुचवला, कुणाला नांदेडचा डॉक्टर. ही रीत झाडालाही लागू आहे, हे मात्र आमच्या हॉलमधलं ऑर्किड पिवळं पडलं तेव्हा कळलं. फरक एवढाच, की बिस्किटाचा पुडा कुणी आणला नाही.

ऑर्किड आमच्याकडं आलं वास्तुशांतीला, आणि आणलं भाचीनं. ती हैदराबादला हायटेक सिटीत असते. तिथं ती नक्की काय करते हे तिच्या आईला, म्हणजे देगलूरच्या आमच्या ताईलाही सांगता येत नाही. "कॉम्प्युटरचं करती" एवढं म्हणून ताई लगेच तिच्या लग्नाच्या विषयावर येते. भाची आली की आमच्या घरात प्रश्न दोनच: जेवलीस का, आणि लग्नाचं काय. दोन्हींना ती "हो, बघते" असं एकच उत्तर देते आणि मोबाइल घेऊन गच्चीवर जाते.

बाकीच्या पाहुण्यांनी आहेरात भिंतीवरची घड्याळं दिली होती. इतकी, की आता आमच्या प्रत्येक खोलीत वेगळी वेळ असते. भाचीनं मात्र पुठ्ठ्याच्या उंच खोक्यातून पांढऱ्या फुलांचं एक झाड काढून टीपॉयवर ठेवलं. चार जाड पानं, मधून निघालेला वाकडा दांडा, त्यावर ओळीनं फुलं. खाली चिनी मातीची चकचकीत कुंडी.

"फॅलेनॉप्सिस आहे, मामा. याला काहीच करायचं नाही. आठवड्यातून एकदा थोडं पाणी, आणि खिडकीजवळ सावलीत ठेवायचं. बस."

"काहीच करायचं नाही?" आईनं विचारलं.

"काहीच नाही, आज्जी."

"मग जगंल कसं?"

हा प्रश्न आईनं झाडाबद्दल विचारला की भाचीबद्दल, हे मला तेव्हा नीट कळलं नाही. भाचीला कळलं असावं, कारण ती गच्चीवर गेली.

आता, काही न करणं हे काम मला जमेल अशी माझी खात्री होती. माझी सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली. एखाद्या फायलीला वर्षभर बोट न लावता ती जिवंत ठेवणं हे कसब अंगी होतं. साहेब बदलले, सरकारं बदलली, फाइल टेबलावर तश्शीच ताजी. पण नोकरीत काही न करण्याचा पगार मिळतो. घरी बसलेल्या माणसानं काही केलं नाही तर लोक त्याला काहीतरी करायला लावतात.

पहिले काही आठवडे झाडाला त्रास झाला तो त्याच्या सौंदर्याचा. या जातीची फुलं दोन-दोन, तीन-तीन महिने टिकतात. जगभर हीच त्यांची कीर्ती. आमच्याकडं तोच गुन्हा ठरला. सकाळी देवाला वाहिलं आणि संध्याकाळी सुकलं तर ते फूल खरं, अशी आमची साधी व्याख्या. त्यामुळं घरी आलेला प्रत्येक माणूस आधी पाकळीला नख लावून बघायचा आणि मगच चहाच्या कपाला हात लावायचा. कामाला येणाऱ्या मावशींनी तर एका सकाळी शोकेसमधली प्लॅस्टिकची फुलं सर्फच्या पाण्यात बुडवली आणि त्याच ओघात ऑर्किडही उचललं. सौ. ओरडली म्हणून दांडा बादलीच्या काठावर थांबला.

"खरं हाय व्हय!" मावशी म्हणाल्या. "मला वाटलं तुमी खरं कशाला आणताव!"

पुढं एकेक करून फुलं गळाली, तेव्हा कुठं ते झाड खरं असल्याबद्दल गल्लीची खात्री पटली. फुलं संपल्यावर हे झाड कित्येक महिने नुसतं बसून असतं, असं भाचीनं फोनवर सांगितलं. आईनं त्याचं "बसून खातंय" असं भाषांतर करून ते मावशींना ऐकवलं, माझ्याकडं बघत.

मग मे आला. आमच्याकडं मे महिना पाहुण्यांना बोलवायचा नसतो. पारा 44 अंशांपर्यंत चढतो, मांजरा नदीत वाळू तेवढी उरते, आणि दुपारी बाराला रस्त्यावर दिसणारा माणूस एक तर वाट चुकलेला असतो नाहीतर वसुलीला निघालेला. फॅलेनॉप्सिसच्या जाती मूळच्या फिलिपिन्स-इंडोनेशियाकडच्या. दमट रानात, झाडांच्या फांद्यांवर, गर्द सावलीत वाढणाऱ्या. साधारण 18 ते 29 अंश त्यांना मानवतं. 29 अंश हे आमच्याकडं रात्री अडीच वाजता, तेही पंख्याखाली.

घरात कूलर एकच. त्याच्यासमोरची जागा आईची, आणि ती सातबाऱ्यावर चढवल्यासारखी पक्की. मी झाड हळूच कूलरच्या बाजूला सरकवलं. आईनं ते तेवढंच हळू परत सरकवलं. दिवसभर हा सीमावाद चालायचा. लाइट गेली की दोन्ही पक्ष सारखेच घामाघूम होऊन गप्प बसायचे.

भाचीनं आणखी एक युक्ती सांगितली होती. पाण्याचा अंदाज येत नसेल तर आठवड्याला बर्फाचे तीन खडे कुंडीत ठेवायचे. हळूहळू वितळतात, पाणी जास्त होत नाही. अमेरिकेत ही पद्धत चांगली रूढ आहे, आणि तिथल्या विद्यापीठांनी प्रयोग करून त्यानं झाडाला इजा होत नाही असंही दाखवलं आहे. पण ती विद्यापीठं बिलोलीत मे महिन्यात प्रयोग करायला आली नव्हती. आमच्या फ्रिजमध्ये बर्फ व्हायला लागतात आठ तास, आणि सलग आठ तास लाइट हा वेगळाच प्रयोग. जो काही बर्फ व्हायचा तो नातवंडं मटकावायची. उरलेले तीन खडे मी झाडासाठी राखून ठेवले आणि नेमके त्याच दिवशी ताईचे सासरचे लोक उन्हातून आले.

"सरबतात बर्फ नाही का?" सौ.नं आतून विचारलं.

"आहे. पण तो झाडाचा आहे."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. ताईच्या दिरांनी कोमट सरबत पीत झाडाकडं बराच वेळ बघितलं. त्यांनी भाचीसाठी एक स्थळ आणलं होतं. ते पुढं बारगळलं, आणि त्याचं खापर आमच्या घरात आजही त्या तीन खड्यांवर फुटतं.

पाण्याचंही तेच. बोअरचं पाणी आमच्याकडं इतकं जड, की कूलरच्या जाळीवर पांढरा थर बसतो. असलं पाणी ऑर्किडला चालत नाही. पावसाचं किंवा गाळलेलं लागतं. म्हणून झाडाला जारचं पाणी सुरू झालं. आम्ही सगळे बोअरचं पितो, जार पाहुण्यांसाठी आणि हॉलमधल्या झाडासाठी. "माझ्या गुडघ्यात क्षार साचले तरी चालतील," सौ. म्हणाली, "त्याच्या मुळात साचायला नकोत." याला उत्तर नव्हतं. नवऱ्याकडं असतंही कधी?

जून उजाडता उजाडता खालचं पान पिवळं पडलं आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ सुरू झाली.

पहिले आले ते मंगल कार्यालयांची स्टेजं सजवणारे. ऑर्किड या विषयातला आपला अधिकार त्यांना मान्य होता. "आमच्याकडं जांभळं ऑर्किड बंडलनं येतं, थायलंडचं. फ्रिजमध्ये ठेवतो. तुम्हीपण फ्रिजमध्ये ठेवा." मी म्हणालो, तुमचं कापलेलं असतं, माझं जिवंत आहे. "जिवंत म्हणजे," ते पानाकडं बघून म्हणाले, "तसं म्हणायला."

समोरच्या निवृत्त गुरुजींनी ईशान्येला तोंड करायला सांगितलं. झाडाचं तोंड कुठल्या बाजूला असतं हे मी विचारलं, तर ते रागावून गेले. फॅमिली ग्रुपवर अंड्याची टरफलं, केळाच्या सालीचं पाणी, आंबट ताक आणि एक हनुमान स्तोत्र आलं. आईनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. बोधनकडून येणारी भाजीवाली दारात पाटी उतरवता उतरवता आत डोकावून म्हणाली, "चच्चिपोयिंदा?" मेलं का, म्हणून. सीमेवर राहिल्यानं एवढं तेलुगू आम्हाला येतंच. "लेदु, लेदु!" मी घाईनं म्हणालो. नाही, नाही. तिनं माझ्या हातावर कढीपत्त्याची एक काडी जादा ठेवली. सांत्वनाची असावी.

मेव्हण्यानं मात्र बिनतोड उपाय आणला. तो नैसर्गिक शेतीच्या शिबिराला जाऊन आला होता. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची माती कालवून केलेलं जीवामृत त्यानं थंड पेयाच्या दोन लिटरच्या बाटलीत भरलं, झाकण घट्ट लावलं आणि उन्हातून मोटारसायकलवर आणलं. जीवामृत हे जिवंत असतं, आंबत असतं, हे त्यानं आम्हाला वाटेल तितक्यांदा सांगितलं होतं. ते बाटलीलाही कळलं होतं. त्यानं हॉलमध्ये झाकण फिरवलं, आणि एक क्षणभर आम्हा सगळ्यांना नवीन पीओपीचं छत दिसलं ते शेवटचं. झाडावर त्यातला एक थेंब पडला नाही. वास्तुशांती पुन्हा करावी का, असं आईनं विचारलं.

त्यानंतर मी कृषी सेवा केंद्रात गेलो. पेरणीचे दिवस, काउंटरवर माणसं दाटलेली.

"पिवळं पडायलंय," मी म्हणालो.

"क्षेत्र किती?"

"एक."

"एकर?"

"झाड."

मागचे चार जण पुढं सरकले, बघायला. दुकानदार धीराचा माणूस. त्यानं 19:19:19 ची एक किलोची थैली पुढं केली. "याच्या खाली येत नाही." हे विद्राव्य खत ऑर्किडला द्यायचं ते अगदी पातळ करून, लिटरला जेमतेम अर्धा ग्रॅम, तेही झाड धडधाकट असेल तर. मी घरी हिशोब केला. ती थैली माझ्या पणतवंडांना पुरेल. मृत्युपत्रात लिहायला हवी.

सगरोळीला कृषी विज्ञान केंद्र आहे, आमच्याच तालुक्यात. तिकडं न्यावं असंही मनात आलं. पण तिथं लोक सोयाबीनचा चक्रीभुंगा आणि तुरीवरचा मर रोग घेऊन बसलेले असणार, आणि मधोमध मी मांडीवर चिनी मातीची कुंडी घेऊन. नंबर आला की काय सांगायचं? पाहुणा आहे, काही खात नाही?

मग मी वाचायला लागलो. निवृत्त माणसानं वाचायला लागणं ही घरातल्यांसाठी वाईट बातमी असते, कारण तो वाचलेलं सांगतो. भारतात ऑर्किडच्या 1,256 जाती आहेत, भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेनं 2019 मध्ये तसं पुस्तकच काढलंय, हे मी जेवताना सांगितलं. "त्यातली एकच आपल्या नशिबी का?" सौ.नं भात वाढत विचारलं. व्हॅनिला हीसुद्धा ऑर्किडचीच शेंग, हे मी आइस्क्रीम खाताना नातवंडांना सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी झाड चाटून बघितलं. रेक्स स्टाउटच्या कादंबऱ्यांतला नीरो वुल्फ हा गुप्तहेर न्यूयॉर्कच्या घराच्या छतावर हजारो ऑर्किडं सांभाळतो. सकाळी 9 ते 11 आणि दुपारी 4 ते 6 तो तिथं असतो. खाली मुडदा पडला तरी वेळ बदलत नाही. माझ्याकडं एकच झाड होतं आणि मी त्याच्यापाशी नीरो वुल्फपेक्षा जास्त वेळ होतो.

एक गोष्ट मात्र सांगायला नको होती. बहुतेक झाडांची पानांवरची छिद्रं दिवसा उघडतात. फॅलेनॉप्सिस उन्हात पाणी जाऊ नये म्हणून ती दिवसा मिटून ठेवतं आणि रात्री उघडून हवा आत घेतं.

"म्हणजे दिवसा झोपतंय आणि रात्री काम करतंय?" आईनं विचारलं.

"तसंच म्हण."

"तरीच. आपल्या पोरीचंबी तसंच. अमेरिकेची पाळी म्हणून रातभर जागती. दोघांचाबी रंग उतरलाय."

आणि तिनं ताईला फोन लावून हे शास्त्रीय कारणासह कळवलं. ताईनं भाचीला कळवलं. भाचीनं मला मेसेज केला, त्यात अक्षरं नव्हती, नुसतं कपाळाला हात लावलेलं एक चित्र होतं.

मला सगळ्यात जास्त दिलासा दिला तो इंग्रजांनी. एकोणिसाव्या शतकात तिथल्या श्रीमंतांना ऑर्किडचं वेड लागलं होतं. उष्ण देशातलं झाड म्हणजे त्याला भट्टीच हवी, अशी समजूत करून घेऊन त्यांनी काचघरं बांधली, कोळसे पेटवले, दारं-खिडक्या बंद केल्या, वाफ कोंडली आणि जहाजं भरभरून आणलेली झाडं त्यात शिजवली. अर्धशतकभर इंग्लंड हे ऑर्किडांचं कबरस्तान होतं, असं जोसेफ हुकर या त्यांच्याच बड्या वनस्पतिशास्त्रज्ञानं म्हणून ठेवलंय. डेव्हनशायरच्या ड्यूकनं तर 1835 मध्ये जॉन गिब्सन नावाचा माळी थेट आपल्या खासी टेकड्यांत पाठवला आणि ऑर्किडं गोळा करून आणली. ती जगली, कारण ड्यूकचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन यानं खिडक्या उघडायला सुरुवात केली होती. एवढ्या मोठ्या साम्राज्याला जे समजायला पन्नास वर्षं लागली ते आम्हाला एका उन्हाळ्यात समजावं, ही अपेक्षाच चूक होती. हे मी सौ.ला सांगितलं. तिनं खिडकी उघडली. ती झाडासाठी नव्हे, जीवामृताचा वास अजून जात नव्हता म्हणून.

शेवटी निदान केलं ते कुंडलवाडीकडच्या चुलतभावानं. तो आला होता वेगळ्याच कामाला, उसने पैसे मागायला. पण गळक्या टोपीवरचं पाणी झटकत हॉलमध्ये आला आणि कुंडी बघून थांबला. उचलली. हलवली. आत पाणी डचमळलं.

"दादा, हे चिबडलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? रान चिबडतं तसं. पाणी लागलंय याला. भोक कुठाय कुंडीला?"

भोक नव्हतं. चकचकीत कुंडीच्या आत एक पारदर्शक प्लॅस्टिकचा पेला होता, त्याला भोकं होती, आणि तो पेला खालच्या साठलेल्या पाण्यात गळ्यापर्यंत बसला होता. चुलतभावानं झाड उपसून वर्तमानपत्रावर ठेवलं. मुळं तपकिरी, पिचपिचीत, दाबली की सालपट हातात येत होतं आणि आत नुसता दोरा.

"अतिवृष्टी," तो म्हणाला. "बहात्तर तासांच्या आत विमा कंपनीला कळवलं का?"

पण मेमध्ये, 44 अंशांत, बिलोलीत अतिवृष्टी झाली कशी? घरात चौकशी समिती बसली. अध्यक्ष मीच होतो, त्यामुळं पहिली साक्ष माझी झाली नाही. सौ. रोज तुळशीला पाणी घालून येताना तांब्यातलं उरलेलं झाडाला घालत होती. मावशी फरशी पुसायच्या आधी घालत होत्या, कारण "खालची माती सुकी दिसती". नातवंडं शाळेच्या बाटलीतलं उरलेलं घालत होती, म्हणजे बाटली रिकामी दिसावी. गुरुजी तर येताजाता घालायचे. आणि आई सकाळ-संध्याकाळ गोळी घेतल्यावर पेल्यातलं राहिलेलं अर्धं पाणी झाडाला द्यायची.

"मुका जीव हाय," ती म्हणाली. "त्याला कोण इचारणार?"

मराठवाड्यात कुणाला पाणी देऊ नको असं सांगायची सोय नाही. इथं टँकरच्या रांगेत उभं राहून म्हाताऱ्या झालेल्या माणसांना पाणी म्हणजे पुण्य; ते कुणी जास्त झालं म्हणून मरेल हे त्यांच्या डोक्यात बसणार कसं? अतिवृष्टीत सोयाबीन मरतं, तेही पाण्यानं नव्हे, सरकारच्या चुकीनं. मी मात्र आठवड्यातून एकदाच घालत होतो, सांगितलं तेवढंच. फक्त आपण घातलंय की नाही हे आठवेना झालं तर पुन्हा.

चुलतभावानं ब्लेडनं सडकी मुळं कापली. बुरशी धरू नये म्हणून कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावतात, हे माझं वाचन अखेर कामाला आलं; सौ.च्या मसाल्याच्या डब्यातली लावली. ती डोळे मिटून उभी होती. ऑर्किडला माती लागतच नाही, मुळांना हवा खेळती लागते. परदेशात पाइनची साल वापरतात. आम्ही बांधकामातून उरलेल्या विटेचे तुकडे, देवळातल्या नारळांच्या शेंड्या आणि इस्त्रीवाल्याकडचा लाकडी कोळसा जमवला.

"कशाला पाहिजे?" इस्त्रीवाल्यानं विचारलं.

"झाडाला."

"इस्त्री?"

त्यानं पैसे घेतले नाहीत. म्हणाला, तब्येतीला जपा. झाडाच्या की माझ्या, ते बोलला नाही.

नवी कुंडी भोकांची. शिवाय मी वर एक चिठ्ठी लावली: "कृपया पाणी घालू नये. घातलेले आहे." कचेरीतली भाषा; ती वाचून माणूस आपोआप माघारी फिरतो असा अनुभव. आईनं चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाली, "आज घातलं असंल. उद्याचं काय?" मग तिला एक खूण शिकवली. या झाडाच्या मुळावर पांढरं स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं असलं की चंदेरी दिसतं, भिजलं की हिरवं. चंदेरी दिसलं तरच पाणी, हिरवं असलं तर हात लावायचा नाही. तहान लागली की झाड स्वतः सांगतं.

"असं कसं?" आई म्हणाली. "आपण आधी इचारायचं असतंय. पाव्हणं काय तोंडानं मागतंय व्हय?"

याच सुमाराला माझा एक जुना सहकारी किनवटहून आला. त्यानं झाडाकडं बघितलं, कोळसा बघितला, चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, "आमच्याकडं रानात आंब्याच्या खोडावर असलंच एक असतंय. रास्ना म्हणतात वैद्य लोक. तपकिरी पट्ट्यांचं फूल येतंय. उन्हाळाभर तसंच लटकून ऱ्हातंय. कुणी पाणी घालत नाही, कुणी बघतबी नाही." व्हँडा टेसेलाटा म्हणतात ते हेच, आपल्या कोरड्या रानातलं घरचं ऑर्किड. त्याच्या बोलण्यातला "कुणी बघतबी नाही" हा भाग सौ.ला फार आवडला. तिनं तो माझ्याकडं बघून परत म्हणून दाखवला.

पाऊस लागून राहिला, हवा ओलसर झाली, आणि एका सकाळी पानाच्या बुडातून हिरवट चकचकीत काहीतरी डोकं वर काढताना दिसलं. इथून घरातली शांतता कायमची गेली. ते मूळ होतं की फुलाचा दांडा? जाणकारांच्या मते खूण सोपी आहे: टोक गोल, गुळगुळीत असेल तर मूळ, चपटं आणि एका बाजूला खाच असलेलं, हातमोज्यातल्या अंगठ्यासारखं दिसलं तर दांडा. पण ते टोक अर्धा सेंटिमीटरचं, आणि बघणाऱ्यांना मोतीबिंदू. गुरुजी भिंग घेऊन आले. मेव्हण्यानं दांड्यावर मिरचीभज्यांची पैज लावली. मंगल कार्यालयवाल्यांनी फोटो मागवून "मूळ" असं निदान पाठवलं, मग "बहुतेक" असं जोडलं. आईनं भिंग नाकारलं. आमच्या घरातल्या सगळ्या बाळंतपणांत पोटाच्या आकारावरून मुलगा की मुलगी हे तिनं आधीच सांगितलेलं आहे, आणि चुकलं तेव्हा पोटच फसवं होतं. तिनं निवाडा दिला: फूल.

ते टोक दहाएक दिवस सरळ बाहेर आलं, सगळ्यांना झुलवत राहिलं, आणि मग निमूट खाली वळून विटेच्या तुकड्यांत घुसलं. मूळ. जाड, चंदेरी, तजेलदार मूळ. या झाडाला नेमकं तेच हवं होतं, पण गल्लीचा हिरमोड झाला. "एवढं करून मूळच?" गुरुजी भिंग खिशात घालत म्हणाले. मेव्हण्यानं भजी चारली, पण उधारीवर. पुढं दुसरं मूळ आलं, मग एक नवं पान आलं, आणि ते बघायला कुणीही आलं नाही.

मी भाचीला व्हिडिओ कॉल केला. तिच्या मागं खिडकीत रात्र होती आणि ती कामावर होती.

"फूल आलं का, मामा?"

"मुळं आली. दोन. आणि एक पान."

"अरे वा! म्हणजे वाचलं ते. आता दिवाळीनंतर रात्री गार पडायला लागल्या ना, की दांडा येईल. त्याला गारव्याचीच खूण लागते. तुम्ही फक्त काही करू नका. मी दिवाळीला येताना अजून एक घेऊन येते, जांभळं."

आई कूलरसमोरच्या आपल्या जागेवरून, कूलर बंद असतानाही, सगळं ऐकत होती. तिनं हात पुढं केला. मी मोबाइल दिला. तिनं तो कानाला लावला, त्यामुळं भाचीला पडद्यावर फक्त आज्जीचं कानातलं दिसत असणार.

"झाड नगं आणू, माय," आई म्हणाली. "एक हाय ते फुलंल. तुळशीचं लगीन झाल्यावर मुहूर्त निघतेत. येताना जावई आण."

पलीकडं थोडा वेळ काही नाही. मग आवाज आला, "आज्जी? हॅलो? आज्जी, लाइट गेली का तिकडं? काही ऐकू येईना."

आईनं मोबाइल माझ्याकडं परत दिला. "लाइट हाय," ती म्हणाली. "तिला सांग, मी उद्या परत करते."